टाकाऊ, टिकाऊ आणि तुणतुणे

राजशेखराने दहाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त एक मोठी गोड कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडतो. त्याला बांधून ठेवावे म्हणून गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि त्याच्या मागोमाग पाठवते. ती देशोदेशी त्याच्या मागे फिरते. प्रत्येक देशात वेगळा वेष करते, वेगळे नाचते-गाते, वेगळे बोलते. तो पुरता वळत नाही. अखेर दक्षिणेत आल्यावर त्याचे मन विरघळते आणि विदर्भातल्या वत्सगुल्म नावाच्या नगरात दोघांचे गांधर्वविधीने लग्न लागते. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

विद्वानांनी या कथेतून प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती यांची पुष्कळ चर्चा काढली आहे. आमचे लक्ष मात्र एका साध्या गोष्टीकडे जाते. साहित्याच्या या लग्नकथेत नेसण्याला आणि नाचण्या-गाण्याला बोलण्याइतकाच मान आहे. तेव्हा कवितासंग्रहांच्या आणि कादंबऱ्यांच्या परीक्षणांशेजारी आम्ही जर वाशीमकडची गोधडी, तुणतुणे आणि भुलाबाईची गाणी समीक्षेला घेतली, तर निदान साहित्यविद्यावधू तरी रागावणार नाही. संपादक रागावले तर त्यांना फराळाला बोलावू.

निमित्त घडले ते शहरातल्या एका नव्या हौसेचे. महिन्यातून एका संध्याकाळी शेजारीपाजारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात. हातात युकुलेली नावाचे एक चिमुकले वाद्य असते. गिटारीची धाकटी बहीणच म्हणा ना! चार तारा, कमरेला लावून धरता येईल एवढा आकार. तासभर गाणी होतात, मग चहा होतो, आणि उरलेल्या वेळात जुन्या बाटल्यांचे दिवे, फुटक्या तबकड्यांची घड्याळे, वर्तमानपत्रांच्या टोपल्या अशा काही चमत्कारिक वस्तू तयार होतात. या प्रकाराला हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. चार माणसे दूरचित्रवाणी बंद करून एकत्र बेसूर का होईना गातात, ही गोष्ट हसण्याजोगी नाही. परंतु समीक्षकाने नुसते कौतुक करून भागत नाही. यात खरे काय आणि उसने काय, हे पाहावे लागते.

युकुलेलीची कुळकथा पाहण्याजोगी आहे. 1879 च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदैरा बेटावरची पोर्तुगीज कुटुंबे घेऊन होनोलुलूला लागले. ही माणसे हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत मजुरीच्या करारावर आली होती. त्यांतले तिघे, मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जुझे दु इश्पिरितु सांतु, हे मूळचे सुतारकाम जाणणारे. करार संपल्यावर त्यांनी आपल्या गावाकडच्या छोट्या तंतुवाद्याची नक्कल तेथल्या कोआ लाकडात केली, आणि त्यातून युकुलेली जन्मली. हवाईच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा लावतात, कारण वाजवणाऱ्याची बोटे तारांवर तशी उडतात. राणी लिलिउओकलानी हिने मात्र ‘इकडे आलेली देणगी’ असा अर्थ लावला. राणीला पिसू कशी आवडेल?

आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराच्या बैलगाडीत जे मावते तेवढेच या मजुरांच्या गाठोड्यात मावत होते. म्हणून वाद्य लहान. लहान म्हणून स्वस्त. आणि चार सोप्या स्वरसंगतींवर निम्मी गाणी निभावतात, म्हणून ते शिकायला वर्षे लागत नाहीत. याचा परिणाम असा, की या वाद्याभोवती जमलेल्या माणसांत वाजवणारा आणि ऐकणारा असे दोन तट पडत नाहीत. युकुलेलीचा खरा गुण हाच. तिच्या नाजूक आवाजात तो नाही.

आता आपल्या तुणतुण्याकडे वळू. मराठी भाषेने या वाद्यावर फार अन्याय केला आहे. ‘आपलेच तुणतुणे वाजवणे’ असे म्हणून आपण ज्याला त्याला गप्प करतो. पण हे वाद्य काय आहे ते हातात घेऊन पाहा. लाकडाचा किंवा पत्र्याचा पोकळ नळा. त्याच्या एका तोंडाला ताणलेले कातडे. कातड्याच्या मधोमध ओवलेली एक तार. नळ्याच्या अंगाला बसवलेली काठी आणि तिच्या टोकाला तार पिळायची खुंटी. संपले! घरात तुपाचा किंवा तेलाचा जुना डबा असला की निम्मे वाद्य तयारच असते. गोंधळात संबळाच्या शेजारी ते उभे असते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकऱ्यांच्या हातात असते. ते एकच स्वर बोलते ही त्याची उणीव नव्हे, नेमणूक आहे. शाहीर रणांगणावर जातो, तेथून दरबारात जातो, मध्येच रागावतो, मध्येच रडतो. त्याला परत यायला एक उंबरठा लागतो. तुणतुणे हा तो उंबरठा. शाहिराइतकी तयारी नसलेला माणूसही त्या उंबरठ्यावर उभा राहून सूर धरू शकतो, आणि कवनात त्याचा वाटा राहतो.

आणखी एक गोष्ट. पत्र्याच्या डब्याचे तुणतुणे पत्र्यासारखेच वाजते. वीणेसारखे वाजण्याचा आव ते आणत नाही. येथे आम्हाला या सगळ्या विषयाची किल्ली सापडते असे वाटते.

शाळेत ‘कार्यानुभवा’च्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ नावाचा एक भाग असतो. वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरी त्याची एखादी निशाणी असेलच. शीतपेयाची बाटली घ्यायची, तिला रंगीत लोकर गुंडाळायची, वर टिकल्या चिकटवायच्या आणि फुलदाणी म्हणायचे. पोरे मजेने करतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार त्या नावाबद्दल आहे. ही फुलदाणी फार तर स्नेहसंमेलनापर्यंत टिकते; मग लोकर सुटते, टिकल्या गळतात, आणि आधी नुसती बाटली कचऱ्यात गेली असती ती आता लोकरीसकट जाते. असे का होते? आमच्या मते याचे कारण हे, की त्या बाटलीला बाटली असण्याची लाज वाटायला लावलेली असते. सगळी कला तिला झाकण्यात खर्च होते. डिंक सुकला की झाकलेले उघडे पडते.

उलट, आपल्या आज्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून, त्यातून चिंधीची वात घालून चिमणी केली होती. ती बाटली काचेचीच राहिली, तिच्यातले तेल किती उरले तेही बाहेरून दिसे, आणि वीज येईपर्यंत वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत तिच्या उजेडावर परीक्षांचे अभ्यास झाले. तिला कोणी हस्तकला म्हटले नाही.

आणि गोधडी! आमच्याकडे तिला वाकळही म्हणतात. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. पण कापूस पिकवणाऱ्याच्या घरी कापडाची चंगळ कधीच नव्हती, ही त्या मुलखाची जुनी विटंबना आहे. म्हणून कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरायचे. लुगडे आधी नेसायचे, मग त्याचे बाळोते व्हायचे, झोळी व्हायची, आणि उरलेल्या भागाची गोधडी. खाली जुन्या धोतराचे अस्तर, वर लुगड्यांचे तुकडे, आणि कडेकडेने आत जात राहणारा धावदोरा. दुपारी ओसरीवर ती पसरली की शेजारणी आपापली सुई घेऊन एकेका कडेला बसत. टाके सारखे येत नसत. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब, तिसरीचा तिरपा. जाणत्या बाईला गोधडी पालथी करून कुठल्या कडेला कोण बसली होती ते सांगता येई.

गोधडीचे सौंदर्य कशात आहे, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने सोपा नाही. रंगसंगतीत असे म्हणावे, तर रंग निवडायला मिळालेलेच नसतात. घरात जे फाटले ते आले. रेखीवपणात म्हणावे, तर तो अनेकदा नसतोच. आमच्या मते ते ओळखीत आहे. हा तुकडा आत्याच्या लग्नातल्या शालूचा, हा आजोबांच्या बंडीचा, हा ताईच्या परकराचा. प्रत्येक तुकडा नव्या वस्तूत आला तरी आपली जुनी ओळख टाकत नाही. पांघरणाऱ्याला ऊब मिळते ती दोन्हींची. आणि म्हणूनच हल्ली दुकानांत मिळणाऱ्या एका प्रकाराने आम्ही अस्वस्थ होतो. नवे कोरे कापड मुद्दाम कापून, त्याचे तुकडे पुन्हा जोडून, ‘पारंपरिक गोधडी’ म्हणून विकतात. शिवण बिनचूक, कोपरे काटेकोर, किंमत भरमसाट. तीवर कष्ट करणाऱ्या बायांना चार पैसे मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. परंतु तिला गोधडी म्हणणे म्हणजे पाठ केलेल्या रडण्याला शोक म्हणणे होय. हे तुकडे कधी कुणाचे नव्हतेच.

यावर कोणी म्हणेल, ‘मग तुम्ही केवळ उपयुक्त तेवढेच सुंदर मानता.’ तसे नाही. चंदीगडच्या नेकचंद सैनी यांचे उदाहरण घ्या. रस्त्यांवर देखरेख करणारा हा सरकारी नोकर 1957 पासून शहराजवळच्या रानात कोणाला न सांगता फुटक्या कपबश्या, फुटक्या बांगड्या, मोडक्या फरश्या जमवून त्यांची माणसे, पाखरे आणि जनावरे करत राहिला. 1976 मध्ये ती बाग लोकांना खुली झाली. त्या पुतळ्यांचा उपयोग काय? काहीच नाही. तरी ते अस्सल आहेत. कारण बांगडीची काच तेथे बांगडीच राहिली आहे; ओळीने उभ्या असलेल्या त्या बायांच्या अंगावर ती खरोखरच काकणांसारखी चमकते. झाकाझाक नाही.

याच कसोटीवर परदेशची दोन प्रसिद्ध उदाहरणे घासून पाहता येतील. पॅराग्वे देशात असुन्सिऑन शहराच्या कचरा-डेपोजवळ कातेउरा नावाची वस्ती आहे. तेथे फाविओ चावेस या शिक्षकाने आणि कचरा वेचणाऱ्या एका कारागिराने पिंपाचे चेलो आणि डब्यांची व्हायोलिने करून मुलांचा वाद्यवृंद उभा केला. त्यावर 2015 मध्ये एक बोलपटही निघाला. तो पाहून डोळे भरून येतात. तरीही ती वाद्ये व्हायोलिनच्या जागी उभी आहेत. खरे व्हायोलिन परवडते तर पिंप पिंपच राहिले असते. त्रिनिदादच्या माणसांनी 1930 ते 1950 च्या सुमारास तेलाच्या रिकाम्या पिंपांची तोंडे ठोकून, त्यांना खळगे पाडून जे वाद्य केले, त्याचे तसे नाही. पोलादाच्या त्या नादाला जगात दुसरा पर्यायच नव्हता. 1951 मध्ये त्या बेटाचा वाद्यवृंद लंडनच्या महोत्सवात वाजला, तेव्हा ऐकणाऱ्यांना आपण कशाची तरी स्वस्त नक्कल ऐकतो आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. कातेउराला आम्ही मनापासून नमस्कार करतो. पण कलेच्या दृष्टीने पहिला पाट त्रिनिदादच्या पिंपाला मांडू.

वस्तूंचे झाले. आता आवाजांचे पाहू, कारण आमच्या मनात खरी काळजी त्यांचीच आहे.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, कोजागिरीला, वऱ्हाडात भुलाबाईचा महिना संपतो. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती बसतात, आणि मग महिनाभर रोज संध्याकाळी मुली घरोघर जमतात. टिपऱ्या वाजतात, गाणी होतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, ‘गोड की तिखट’ विचारायचे. कोजागिरीला ज्वारीच्या धांडांचा मखर होतो, म्हणजे देवाचे देऊळसुद्धा शेतातल्या काडीकडब्याचेच! वाशीम, अकोला, बुलढाणा, अमरावती या भागांत वाढलेल्या कुठल्याही आजीला विचारा. ती चारपाच गाणी एका श्वासात म्हणून दाखवील.

या गाण्यांकडे साहित्य म्हणून पाहणाऱ्यांनी त्यांत सासरच्या जाचाची वेदना शोधली आहे. ती आहेच. पण आम्हाला त्यांची बांधणी अधिक नवलाची वाटते. एका वस्तूवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे गाणे पुढे सरकते. दागिन्यावरून सोनारावर, सोनारावरून वाटेवर, वाटेवरून माहेरच्या गाईवर, आणि मध्येच एखादा असा शब्द, ज्याचा अर्थ गाणाऱ्या मुलीला ठाऊक नाही आणि तिच्या आईलाही नव्हता. ज्यांना आजच्या कवितेतली तुटक प्रतिमासृष्टी दुर्बोध वाटते, त्यांनी भुलाबाईची गाणी ऐकावीत. येथेही अर्थाचे टाके काही ठिकाणी सुटलेले आहेत, पण चालीच्या धावदोऱ्याने सगळे धरून ठेवले आहे. सहा वर्षांच्या मुलीला एका बाजूने धरून गाता येते, आठवले नाही तिथे नुसते शेवटचे अक्षर ओढता येते. झीलकऱ्याचीच जागा ही! गाणे बिघडत नाही. ते अशाच गळ्यांसाठी बेतलेले आहे.

आता ठिकठिकाणी भुलाबाईच्या स्पर्धा होतात. मंचावर एकरंगी साड्या, ध्वनिक्षेपक, परीक्षक आणि गुणपत्रक. परंपरा जगावी म्हणून लोक हे करतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण परिणाम पाहा. स्पर्धेसाठी बारा मुली निवडायच्या म्हणजे तेरावीला वगळायचे. जिचा आवाज फाटका, जी ताल चुकते, जी मध्येच हसते, ती समोर खुर्चीवर जाऊन बसते. आणि एकदा ती ऐकणारी झाली की ती पुढे कधी गाणारी होत नाही. तिच्या मुलीला गाणे शिकवायला घरात कोणी उरत नाही. बारा मुलींचे ढालीवर नाव येते आणि गल्लीतली भुलाबाई संपते.

हेच खंजिरीचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हे वाद्य वऱ्हाडच्या घराघरांत नेले. 1909 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेला हा माणूस 1955 मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेला तोही खंजिरी घेऊनच. त्यांच्या भजनाची खरी करामत त्या समूहात होती. खंजिरी धरायला एक हात आणि वाजवायला एक हात, एवढेच भांडवल, बाकीच्यांना टाळ्या. 1968 मध्ये ते गेले, तरी गावोगावी सामुदायिक प्रार्थना चालू राहिल्या, आजही कितीतरी गावांत चालतात. परंतु देवळाच्या कळसावर कर्णा आला तसा एक बदल झाला. पहाटे पाचला आता भजन होते, पण ते आधीच कुठेतरी मुद्रित झालेले असते. गळा गोड, साथ तयार, सूर तंतोतंत. गाव अंथरुणात पडून ते ऐकते. म्हातारे बुवा, ज्यांचा वरचा षड्ज कधीच लागला नाही, ते आता भजनाला बसत नाहीत. ‘आमच्याहून चांगले तिथे चालू आहे’ म्हणतात. असे म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावे? चांगले आहे हे तर खरेच आहे.

वऱ्हाडातल्या दोन मोठ्या संतांच्या नावांकडे या निमित्ताने पुन्हा पाहावेसे वाटते. एकाचे नाव तुकड्यावरून पडले, दुसऱ्याचे गाडग्यावरून. शेंडगावच्या डेबूजीने हातात मडक्याचे गाडगे घेतले, अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र घातले, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच अडकवली, आणि 1956 मध्ये देह ठेवीपर्यंत तोच वेष चालवला. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडे महाराजही म्हणत. हा वेष दारिद्र्याचा नव्हता. ज्यांच्या शब्दावर धर्मशाळा आणि शाळा उभ्या राहिल्या त्या माणसाला एक धड सदरा मिळाला नसता काय? तो विचारपूर्वक केलेला वेष होता, आणि त्यात झाकाझाक मुळीच नव्हती. त्यांच्या कीर्तनातही तेच. ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडून उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत. अडाणी शेतकऱ्याचे ओबडधोबड उत्तर हा त्या कीर्तनाचा एक तुकडा असे; ते काढून टाका, कीर्तन फाटेल. साक्षात्काराच्या गोष्टी बाजूला ठेवून, एक कलाप्रकार म्हणून गाडगेबाबांच्या कीर्तनाचा अभ्यास अजून मनासारखा झालेला नाही, हे आमच्या समीक्षकांचे आळशीपण आहे.

आणि समीक्षकांनी तरी गोधडीला नाक मुरडू नये. वत्सगुल्मचा वाकाटक राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले होते. आनंदवर्धनासारख्या श्रेष्ठ टीकाकाराने त्याचे नाव आदराने घेतले आहे. ते काव्य आज उपलब्ध नाही. जे काही उरले ते अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणादाखल टाकलेल्या तुकड्यांच्या रूपाने. म्हणजे वाशीमच्या पहिल्या राजकवीला टीकाकारांनीच आपल्या वाकळीत शिवून ठेवले, म्हणून तो इतकी शतके ऊब धरून आहे! अखंड होते ते हरवले, ठिगळे राहिली.

1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे, रामनवमीला यात्रा भरते आणि देशभरातून तांडेच्या तांडे लोटतात. बंजारा बाईच्या कांचळी-फेटियावरचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना आमचा मुद्दा वेगळा पटवायला नको. आरशाचे तुकडे, कवड्या, आणि बाजारातून बाद झालेली नाणी. कवडी एके काळी चलन होती. चार आण्याचे नाणे 2011 च्या जूनअखेर चलनातून गेले. दुकानदार ज्याला हात लावणार नाही ते या बाईच्या अंगावर खुळखुळते आणि पुन्हा मोलाचे होते. नाण्याला भोक पाडून टाकलेले असते, रंग देऊन लपवलेले नसते. त्यांच्या गाण्याबजावण्यातही नंगाऱ्याच्या जोडीला थाळी असते, स्वयंपाकघरातून थेट वाद्यवृंदात आलेली. शहरातल्या युकुलेली-मंडळाला आमची एकच सूचना आहे : हवाईहून आलेल्या पाहुणीला जरूर मांडीवर घ्या, पण तिच्या शेजारी घरातले एखादे ताटही असू द्या.

पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा आहे. ज्या समाजाला ब्रिटिश अमलात गुन्हेगार ठरवण्यापर्यंत सरकारची मजल गेली, त्याच्या वाद्याची एवढी मोठी इमारत व्हावी यात एक काव्यगत न्याय आहे, आणि तेथे जाऊन अभिमानाने उभे राहणाऱ्या म्हाताऱ्याला संग्रहालयाचे दोष सांगण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. फक्त एवढे नोंदवतो, की कोणत्याही संग्रहालयाला वस्तू जपता येते, तिच्यावर पुढचे ठिगळ लावता येत नाही. काचेमागची कांचळी पूर्ण झालेली असते. तांड्यातली कधीच पूर्ण होत नाही. लेक मोठी होते, उसवते, एखादे नाणे पडते, दुसरे लावले जाते.

दिवाळीच्या अमावस्येला तांड्यात ‘मेरा’ मागतात. लग्न न झालेल्या मुली हातात दिवे घेऊन निघतात, आधी नायकाच्या घरी, मग एकेक करून सगळ्या घरी. आणि गात गात प्रत्येक घराचे शुभ चिंतितात. दुसऱ्या दिवशी रानातून फुले आणून शेणाच्या गोधनावर वाहतात. म्हणजे येथेही पूजेला बसते ते गोठ्यातले शेणच. या गाण्याला वाद्याची साथ लागत नाही, पायांची लागते. पुढे मोठ्या मुली असतात, मागे लहानग्या. लहानगीच्या हातातला दिवा विझू नये म्हणून सगळ्या हळू चालतात, आणि चाल हळू झाली की गाणेही तेवढेच हळू होते. यंदा कोणाला वाशीमकडे जायचे झाले तर संग्रहालय दिवसाउजेडी पाहून घ्यावे, आणि रात्री ओळखीच्या एखाद्या घरी तांड्यात थांबावे. मुली दाराशी आल्या की टाळ्या मात्र वाजवू नयेत. उठून उंबरठ्यावर जावे, आणि येत असेल तेवढे त्यांच्याबरोबर म्हणावे.